गुंडूचं पिंक्सिट

आमच्या उचगावचा गुंडू पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकमागचे वाघ, तालमीतले वस्ताद, सगळं हातानं रंगवलेलं. सही मात्र जगावेगळी: 'गुंडू पिंक्सिट'. मी सातवी शिकलेला माणूस. हे काय म्हणून विचारलं, तर तासभर बसवून ठेवलं त्यानं. लॅटिन शब्द, अर्थ 'यानं रंगवलं'. युरोपातले जुने चितारी नावापुढं लिहायचे. पुढं चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायला लागले, तेव्हा डाव्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याचं नाव नि पिंक्सिट, उजव्यात कोरणाऱ्याचं नाव नि स्कल्प्सिट. ज्याचा हात त्याचं नाव. गुंडूच्या गुरूंकडं तसली एक विलायती तसबीर होती, तिथनं यानं शब्द उचलला.

यंदा तालमीला शंभर वर्षं झाली. गुंडूनं तरुणपणी काढलेल्या वस्तादांच्या तैलचित्राचा भलामोठा फ्लेक्स चौकात लागला. आम्ही दोघं बघायला गेलतो. गुंडूनं आधी कोपरा बघितला. सहीच्या जागी फ्लेक्सवाल्या राजवीरचा मोबाइल नंबर.

राजवीर तिथंच दोऱ्या आवळत होता. हसतच म्हणाला, खाली डागासारखं काहीतरी होतं, काँप्युटरवर साफ केलं.

गुंडूचे कान लाल झाले. तसाच तालमीत शिरला, मी मागं. अध्यक्ष विजयसिंह चहा पीत होते. फ्लेक्सवर पाच पुढाऱ्यांची तोंडं बसवायची होती, जागा कुठनं आणायची, पुढच्या वेळी घालू की नाव, म्हणाले.

गुंडूनं पिशवीतनं टर्पेंटाइन काढलं, चिंधी भिजवली आणि भिंतीवरच्या मूळ चित्रासमोर स्टुलावर चढला.

"माझं नाव डाग हाय न्हवं? मग ह्यो वस्ताद बी माझाच डाग. पुसतो."

चाळीस वर्षं वाळलेला तैलरंग असल्या चिंधीनं हलत नसतो. हे गुंडूला ठाऊक, मला ठाऊक. पैलवानांना कुठलं? दोघांनी त्याचे पाय धरले. विजयसिंहांचा चहा धोतरावर.

"गुंडूआण्णा, खाली या. काय पायजे ते सांगा."

"आधी फ्लेक्स उतरवा. मग मी उतरतो."

फ्लेक्स गुंडाळून समोर येईस्तोवर दीड तास तो स्टुलावर उभा होता. खाली आला, चहाला शिवला न्हाई.

दुसऱ्या दिवशी नवा लागला. एका पुढाऱ्याचं तोंड काढून 'गुंडू पिंक्सिट' बसवलं होतं. गुंडू बघून आला नि माझ्यावरच डाफरला, "रंगवलं म्हणून लिव्हत्यात, आणि अक्षरं छापल्यात मशीननं!"

रंगाचा डबा, ब्रश नि शिडी घेऊन तो परत चौकात गेला. मी शिडी धरली.