नळाखाली धुतलेले शिंपले

सासूबाईंनी दुपारभर खपून केलेल्या शिंपल्यांवरचा मसाला मी नळाखाली धुवून काढला. पूर्ण शुद्धीवर असताना, आणि एका फ्रेंच वाइनसाठी.

वाइनचं नाव मस्कादे. फ्रान्समध्ये ल्वार नदी समुद्राला मिळते, त्या भागातली. रंगाने फिकट, अंगाने हलकी, लिंबाच्या सालीसारखी आंबट. घोट गिळल्यावर जिभेवर किंचित खारट चव राहते. तिच्यात मिरवण्यासारखं फार नसतं, म्हणूनच कालवं, शिंपले, साधा तळलेला मासा यांच्याशी तिचं छान जमतं. तिखट समोर आलं की मात्र ती कोलमडते. उरतं ते आंबट पाणी. हे सगळं मी इथे फेल्डहोवन या डच गावात एका दुकानात वाइन चाखायला गेलो होतो तेव्हा शिकलो, आणि तेव्हापासून ते कुणाला तरी दाखवायची घाई झाली होती. म्हणून शेजारच्या डच जोडप्याला शनिवारी जेवायला बोलावलं.

सासूबाई तेव्हा मालवणहून आमच्याकडे आल्या होत्या. थंडीला वैतागलेल्या, पण मी आणलेले शिंपले पाहून खुलल्या.

"जावईबापू, एवढे मोठे शिनाणे! आणि वाळूचा कण नाही. इथे काय आंघोळ घालून विकतात यांना?"

शिंपले त्याच करणार हे त्यांनी गृहीत धरलं. मीही त्यांना कढई काढून दिली. गावाहून आणलेला मसाला, खोबऱ्याचं वाटण, कोकम. वासाने मी स्वतः दोनदा झाकण उचलून पाहिलं.

पाहुणे यायच्या थोडं आधी मी बाटली उघडली. एक शिंपला खाल्ला, वर घोट घेतला. वाइनमध्ये काही उरलंच नव्हतं. शिंपला उत्तम झाला होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी अर्धे शिंपले चाळणीत काढले आणि नळ सोडला. लालसर पाणी वाहू लागलं, वाटण सिंकच्या जाळीत अडकलं. मागे वळलो तर सासूबाई उभ्या.

"खारट झालंय का?"

"नाही आई. त्या लोकांना तिखट चालत नाही."

"मग आधी सांगायचं ना. मी मिरची घातलीच नसती."

आवाजात राग नव्हता. त्या बाहेर जाऊन बसल्या. मी शिंपले बटरमध्ये परतले, वर पार्सली भुरभुरली. पाहुण्यांना आवडले. वाइनबरोबर खरंच जमले, हेही सांगायला हवं. शेजाऱ्याने विचारलं, कुणी केले? मी म्हणालो, मी. त्याने माझ्याकडे बघून ग्लास उंचावला. सासूबाईंना डच येत नाही, पण कौतुक कुणाचं चाललंय हे त्यांना समजत होतं. उरलेले मसाल्याचे शिंपले टेबलावर आलेच नाहीत.

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "तू भांडी धुतोस, त्याचं मी सगळीकडे कौतुक करते. जेवण कधीपासून धुवायला लागलास?"

"चुकलं माझं."

"मला नको सांगूस. तिला सांग."

मी सांगितलं नाही. सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या विचारायला लागल्या. "वरणाला फोडणी दिली तर चालेल ना?" "लसूण घालू का, वास राहील घरात." आल्यापासून जे स्वयंपाकघर त्यांनी आपलंसं केलं होतं, तिथे त्या पाहुण्यासारख्या वागू लागल्या. मग शेगडीपाशी जाणंही सोडलं. "तुम्हीच करा," म्हणाल्या, "कशाबरोबर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक." दर वेळी मी हसून वेळ मारून नेली. त्यांचं परतीचं तिकीट जवळ येत गेलं.

एका दुपारी बायको ऑफिसला गेली होती, मी घरून काम करत होतो. सासूबाई दारात आल्या. हातात एक अंडं.

"हे उकडून घेतलं तर चालेल ना?"

भूक लागलेली ती बाई आपल्या लेकीच्या घरात मला परवानगी मागत होती. मी लॅपटॉप मिटला आणि उठून उभा राहिलो.

"आई, त्या लोकांना तिखट चालत नाही हे मी खोटं सांगितलं. त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. मला माझी वाइन मिरवायची होती, म्हणून तुमचं जेवण धुतलं. वर ते मी केलं म्हणून सांगितलं. माझं फार चुकलं. मला माफ करा."