सलीमभाईंचा आवाज

डॉक्टर मंडळी जमली की औषधांच्या गप्पा दहा मिनिटांत संपतात आणि किस्से सुरू होतात. आमच्या केजच्या केमोच्या खोलीचं तर विचारूच नका! सलाईन तासन्तास चालतं, पेशंट खुर्चीत, नातेवाईक स्टुलावर आणि तोंडं सगळ्यांची मोकळी. मी कॅन्सरचा डॉक्टर. इतकी वर्षं या खोलीत काढली, तरी घरी जाताना रोज वाटतं, ही माणसं कुठल्या मातीची बनलीत!

* * *

आता सलीमभाईच घ्या. केजच्या बाजारात त्यांचा फळांचा गाडा. "मोसंबीऽऽ!" अशी हाक दिली की एसटीची वाट बघणारा माणूससुद्धा वळून बघायचा. त्यांना कॅन्सर झाला, तो नेमका स्वरयंत्राचा.

रिपोर्ट आला तेव्हा धाकटा भाऊ आधी आत घुसला. "सायेब, भाईला सांगू नका. सूज हाय म्हना." आमच्याकडे दर दुसऱ्या घराची हीच विनंती! पेशंटला सांगायचं की नाही, यावर आम्ही डॉक्टर परिषदांमध्ये भांडभांड भांडतो.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून घोगरा आवाज आला, "छोटे, मी फळं इकतो बे! आतून काय सडलंय ते वरून हात लावला की कळतं मला. सायेब, तुमी बोला."

मी बोललो. भाऊ ढसाढसा रडला. सलीमभाईंनीच त्याला पाणी आणून दिलं.

* * *

मग मोठ्या शहरातल्या डॉक्टरांबरोबर व्हिडिओ मीटिंग झाली. अर्धे म्हणाले, स्वरयंत्र काढून टाका. अर्धे म्हणाले, रेडिएशन देऊन आवाज वाचवा. शेवटी ठरलं, आधी केमो देऊन बघू. गाठ आटली तर आवाज राहील, नाही तर ऑपरेशन.

सलीमभाईंना सगळं समजावून सांगितलं. म्हणाले, "म्हंजे आवाजाला तारीख पडली म्हना की!"

त्याच मीटिंगमध्ये धारूरच्या कोंडाबाईंची केस होती. मेंढ्या राखणारी बाई, स्तनाचा कॅन्सर. केमो झेपेल का, हे बघायला पलीकडच्या मॅडमनी विचारलं, "पेशंटला दोन जिने चढता येतात का?"

कोंडाबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. "जिना न्हाई बाई आमच्याकडं. डोंगुर हाय. रोज चढती की, मेंढरांमागं!"

मॅडमनी पूर्ण डोस लिहून दिला.

* * *

केमोने केस गळतात, आणि बायका त्यानेच जास्त खचतात. म्हणून आमच्या वंदना सिस्टरनी विगचे फोटो, रंगीत रुमाल, सगळं काढून ठेवलं होतं. कोंडाबाई आल्या त्या डोकं साफ करूनच! नवऱ्याने मेंढ्या कातरायच्या कातरीने केस उतरवले होते, आणि कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"रडू न्हाई आलं?" सिस्टरनी विचारलं.

"कावून? मेंढरं कातरतोच की आमी. लोकर परत येतीच न्हवं?"

सिस्टर डोळे पुसत पुसत विगचे फोटो कपाटात ठेवायला गेल्या.

* * *

केमोला आलेल्या तलवाड्याच्या एका काकांचा पुतण्या पुण्यात नोकरीला. फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "सर, एआय म्हणतंय डोस वेगळा हवा." मी बाह्या सरसावल्या! या फोनवाल्यांनी हल्ली माझ्या नाकी नऊ आणलेत.

वंदना सिस्टर मात्र शांत. "बरं. मग शीर बी त्यालाच शोधू द्या!"

काकांनी मुकाट्याने सिस्टरपुढे हात केला.

* * *

तेवढ्यात एक व्हिडिओ फिरायला लागला. लक्ष्मणफळ खा, केमोची गरजच नाही! आमच्याकडे ते फळ मिळत नाही, म्हणून एक माणूस सलीमभाईंच्या गाड्यावर आला. "आईसाठी मागवून द्या. मागाल तो भाव देतो."

सलीमभाईंनी त्याला स्कूटरवर बसवून थेट माझ्या खोलीत आणलं. "फळ झक्कास हाय, खुशाल खाऊ घाल अम्मीला. पन इलाज पायजे तर ती माझ्या बाजूची खुर्ची धर!" एवढं म्हणून स्वतःच्या खुर्चीत बसले आणि सुईसाठी बाही वर केली.

त्या माऊलीची केमो पुढच्याच आठवड्यात सुरू झाली. अशा व्हिडिओंविरुद्ध मी गावोगाव भाषणं ठोकली होती, त्याने एक माणूस हललेला मला आठवत नाही.

* * *

सलीमभाईंची केमो झाली. गाठ हटली नाही. हे त्यांना सांगायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "काढा. पन आधी एक शांत खोली द्या."

वंदना सिस्टरनी त्यांना फोनवर रेकॉर्डिंग कसं करायचं ते दाखवलं आणि दार लावून त्या बाहेर आल्या. गाड्यावरच्या स्पीकरसाठी हाका भरून ठेवत असतील, असं आम्ही धरून चाललो.

ऑपरेशन चांगलं झालं. काही महिन्यांनी ते तपासणीला आले. श्वास आता गळ्याच्या भोकातून, बोलणं पाटीवर लिहून. त्यांनी लिहिलं, "घरी चला. चहा."

संध्याकाळी त्यांच्यासोबत निघालो. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले, खिशातून फोन काढला आणि बटण दाबलं. तोच घोगरा, दमदार आवाज!

"झुबेदा! चाय रख!"

आतून लगेच झुबेदाभाभी करवादल्या, "सुन ली, सुन ली! सारी गल्ली कू कायकू सुनाते जी?"

सलीमभाईंनी मला डोळा मारला आणि पुन्हा बटण दाबलं.