हुरडा पार्सल होत नसतो

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहायलोय.

पुण्याचा मावसभाऊ बायको-पोरांसह परळी करून परभणीमार्गे औंढ्याला चालला होता. "वाटेत सोनपेठला तुमच्या शेतात हुरडा पण करून घेऊ," म्हणाला. करून घेऊ! जसं काही आधार अपडेट करायचंय.

माझे वडील, अण्णा, सकाळपासून राबत होते. कोवळी कणसं निवडली, चटणी कुटली, गोवऱ्यांची आगटी पेटवली. पाहुणे आले, कच्ची कणसं हातात धरून फोटो काढले आणि भाऊ म्हणाला, "काका, पार्सल द्या ना. गाडीत खाऊ. औंढा राहिलाय अजून."

"बसा की जरा. आता कुठं निखारा पडायलाय," अण्णा म्हणाले.

अहो, हुरडा आगटीभोवती बसून, भाजणाऱ्याच्या हातून गरम गरम खायचा असतो. गार झाला की वातड होतो. पण ऐकतो कोण? अण्णांनी पहिलं कणीस भाजून, तळहातावर चोळून, फुंकून पुढं केलं, तोवर गाडीची दारं लागली होती.

आत्ता त्याचं स्टेटस पाहिलं: 'परभणी डन! हुरड्याची मजाच न्यारी!'

अरे, एक दाणा तरी तोंडात टाकलास का? फोटोच पाहिजे तर घरी बसून डाउनलोड कर. आमच्या म्हाताऱ्या माणसाला धुरात कशाला बसवतोस?

अण्णा मघापासून एकच विचारायलेत, "कणसं जून निघाली का रे? म्हणून थांबले न्हाईत का?"