हरलेल्याचे रोडगे

आमच्या गावाच्या आणि माझ्या मित्राच्या गावाच्या मधून एक नाला वाहतो. वाहतो म्हणायचं आपलं. दिवाळी सरली की त्यात पायाचा अंगठाही भिजत नाही. दोन्ही गावांचा जिल्हा अमरावती. कापूस एकाच बाजारात जातो, लग्नाचा बस्ता एकाच दुकानात होतो. पण नाल्याच्या अलीकडे खासदार अमरावतीचा आणि पलीकडे वर्ध्याचा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो माझ्या तोंडाकडे बघत राहतो. जिल्हा अमरावती आणि खासदार वर्ध्याचा, असं कसं? असंच आहे, बाबा. मी नाही केलं.

आधी असं नव्हतं. दोन्ही गावांना आमदार एक होता, खासदार एक होता, आणि आम्हा दोघांना भांडायला तेवढं पुरत होतं.

मित्र शाळेपासूनचा. माझ्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, त्याच्या घरात विठोबा-रखुमाई. मी जिल्हा परिषदेत नोकरी केली, त्याने काळ्या मातीत जन्म काढला. मतदानाचं वय झाल्यापासून आम्ही कधी एकाच चिन्हावर शिक्का मारला नाही, पुढे मशिनी आल्यावर एकच बटण दाबलं नाही. तो म्हणायचा, "तू तिकडं तं मी इकडं. काट मारून टाकतो तुले." मीही तेच म्हणायचो. म्हणजे आमची दोन मतं एकमेकांना खाऊन टाकायची आणि देशाचं काहीच बिघडायचं नाही.

पण निकालाला एक रीत होती. ज्याचा उमेदवार पडला, त्याने आपल्या शेतात रोडगे करायचे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. जिंकलेल्याने नुसतं यायचं, कडुनिंबाखाली बसायचं, पोटभर खायचं आणि खाता खाता हरलेल्याची साल काढायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निरोप पाठवायचा नाही. हरलेल्याने स्वतः जिंकलेल्याच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "पडलो. ये जेवाले."

हे तीन शब्द म्हणायला काय लागतं ते ज्याने म्हटलेत त्यालाच ठाऊक. एका निवडणुकीत माझा माणूस असा पडला की डिपॉझिटही गेलं. मी त्याच्या दारात गेलो तर हा मुद्दाम दाढी करत बसलेला. आरशातूनच म्हणाला, "कोन आलं? आयकू नाई आलं. जोऱ्यानं बोल ना." मला तीनदा म्हणायला लावलं. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. दुसऱ्या दिवशी शेतात त्याने माझ्या उमेदवाराची नक्कल केली, भाषणातला हात, खाकरणं, सगळं. मी रागाने लाल झालो होतो आणि हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. इतकं बरं मला पुढे फार थोड्या वेळा वाटलं.

मग मतदारसंघांची पुनर्रचना आली. तहसीलमध्ये कागद लागले, हरकती मागवल्या. आमच्याकडून कोणी हरकत घेतली नाही. कशावर घेणार? रोडग्यांवर? त्याचं गाव धामणगाव विधानसभेत गेलं आणि धामणगाव लोकसभेला वर्ध्याला जोडलं गेलं. माझं गाव अमरावतीकडे राहिलं. बातमी कळली तेव्हा तो नाल्याच्या पलीकडूनच ओरडला, "आता मी परदेशी झालो बे! पासपोर्ट घेऊन येजो!" आम्ही दोघंही खूप हसलो. आज वाटतं, हसायला नको होतं.

त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत घोटाळा झाला. इकडे माझा निवडून आला, तिकडे त्याचा. दोघंही जिंकलो. आता रीत सांगते, हरलेल्याने यावं. हरलं तर कोणीच नव्हतं. मी घरी वाट पाहिली, म्हटलं येईल, काहीतरी फाटा फोडेल. तोही घरी वाट पाहत बसला असणार. कौंडण्यपूरच्या जत्रेत भेटला तेव्हा म्हणाला, "माहा बी आला ना." मी म्हटलं, "माझाही." तो देवळाकडे गेला, मी नदीकडे.

पुढच्या वेळी दोघांचेही पडले. म्हणजे दोघांनीही एकमेकांच्या दारात जायचं. पण हरलेल्याच्या दारात जाऊन हरलो म्हणून काय सांगायचं? चिडवणार कोण? मी गेलो नाही. तोही आला नाही. त्यानंतर मी वर्ध्याचा निकाल पाहणंच सोडून दिलं.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात चार लोक मधे पडतात, कोणीतरी दोघांना एका चहावर बसवतं. आमचं काहीच झालं नव्हतं, त्यामुळे मिटवायला कोणी आलं नाही. लग्नाकार्यात भेटायचो. "बरं हाय का?" "बरं आहे." पाऊस, तूर, गुडघे. मग तेही कमी झालं. माझी बायको गेली तेव्हा तो आला, माझ्याजवळ सतरंजीवर बसून राहिला, जाताना खांदा दाबला आणि गेला. मला फार वाटलं की त्याने काहीतरी वाकडं बोलावं. नाही बोलला.

मुलं पुण्याला आहेत. रविवारी फोन येतो, जेवलात का, गोळी घेतली का. सगळे माझ्याशी मऊ बोलतात. गावातली पोरंसुद्धा 'काकाजी' म्हणून रस्ता देतात. "काहून बे, गाढवा" म्हणणारं माणूस मला राहिलं नाही, आणि ही काय कमतरता आहे ते कोणाला सांगावं तर हसतील. एकटेपणा म्हणजे घरात कोणी नसणं, असं मला आधी वाटायचं. ते तर सोसतं.

गेल्या लोकसभेच्या निकालाच्या दिवशी मी सकाळपासून टीव्हीसमोर होतो. माझा उमेदवार आघाडीवर होता, दुपारनंतर तो आलाच. बाहेर ढोल वाजले. मी उठून दारापर्यंत गेलो आणि माझ्या लक्षात आलं, मी ज्याला हे दाखवायला उठलो तो माणूस गेली कित्येक वर्षं माझ्या दारात आलेला नाही. मला एकदम रडू आलं. म्हातारपणी डोळे उगाच गळतात, पण ते उगाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोक्याला दुपट्टा बांधला आणि नाला ओलांडला. मनाशी ठरवलं होतं, जिंकलो ते गेलं चुलीत. जाऊन म्हणायचं, पडलो, ये जेवाले. खोटं तर खोटं. त्याला कुठे माझा निकाल ठाऊक असणार? त्याचा खासदार वर्ध्याचा.

तो आतल्या खोलीत बाजेवर होता. उन्हाळ्याच्या तोंडी त्याच्यावरून वारं गेलं, डावी बाजू गेली, हे मला त्याच्या सुनेने ओसरीवर सांगितलं. नाल्याएवढ्या अंतरावरची गोष्ट, आणि मला पत्ता नव्हता. तिने आत हाक दिली, "मामाजी, पाहा कोन आलं."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. रीतच तशी होती. म्हटलं, "पडलो. ये जेवाले."

त्याने मान वळवली. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते. "खोटं बोलून राहिला. तुहा आला. मी पायलं टीवीवर."

"तू अमरावतीचा निकाल कशाला पाहतोस?"

"दर इलेक्शनले पायतो. तुहा पडला का नाई, ते पायाले नोको?" तो दम खायला थांबला. मग म्हणाला, "आता तू सांग. माहा आला का पडला?"

मला ठाऊक नव्हतं. टीव्हीवर ते वर्धा कितीदा सरकून गेलं असेल, मी नजर वर केली नव्हती. त्याने ते ओळखलं. रागावला नाही. रागावला असता तर मी सुटलो असतो.

"पडला," तो म्हणाला. "कालच पडला. मीच येनार होतो तुह्या दारात, पन..." त्याने उजव्या हाताने आपला डावा पाय दाखवला. मग चांगला हात टेकवून थोडा वर झाला, आणि बाजेवरूनच, माझ्याकडे बघून, रीतीप्रमाणे म्हणाला, "पडलो. ये जेवाले."

रोडगे नव्हते. त्याला आता चावत नाही, म्हणून घरात सगळ्यांसाठी मऊ भात आणि वरण होतं. सुनेने बाजेजवळ पाट मांडला, माझ्यासमोर ताट ठेवलं आणि वरणावर तुपाची धार सोडली. त्याला ती चमच्याने भरवायला बसली. ओठाच्या कडेने वरण ओघळायचं, ती पदराने पुसायची. तो घास गिळायचा आणि माझ्याकडे बघायचा.

शेवटी म्हणाला, "बोल ना बे. जितला ना तू?"

जिंकलेल्याने हरलेल्याला चिडवायचं असतं. मी घास हातात धरून बसलो होतो, आणि मला एक शब्द सुचला नाही.