बंधाऱ्याची कारणं

अकरावी-बारावीच्या मुलांना मी सव्वीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. विषय फारसा कुणाला आवडत नसे, मार्क बरे पडतात म्हणून मुलं तो घेत. पण तर्कदोषांचा धडा आला की वर्ग जागा व्हायचा. कावळा बसला आणि फांदी तुटली, म्हणून कावळ्यानेच ती तोडली असं म्हणता येत नाही, इथून मी सुरुवात करायची. मग मुद्दा सोडून माणसावर घसरणं, दोनच वाटा आहेत असं भासवणं. मुलं घरातल्या भांडणांतून नमुने शोधून आणायची. आपल्याला कुणी गुंडाळू शकत नाही, असं मला त्या वर्षांत वाटू लागलं होतं.

निवृत्तीनंतर मी जामसंड्यातच राहिले. माझी मोठी बहीण देवबागला दिलेली. घराच्या मागे विहीर, मग सुरूची झाडं, मग वाळूची पुळण आणि समुद्र; पुढच्या बाजूला थोडं चाललं की खाडी. भावजींची होडी आहे, आणि दोन खोल्या ते पर्यटकांना देतात.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात भावजींचा फोन आला. वाडीत समुद्राच्या बाजूने दगडी बंधारा घालायचं घाटत होतं आणि त्यासाठी घराघरांतून संमतीच्या सह्या हव्या होत्या. बंधारा झाला की होड्या पुळणीवर ओढायच्या कुठे, ही होडीवाल्यांची काळजी. भावजी म्हणाले, तू शिकलेली आहेस, बैठकीला ये आणि काय ते बोल. मी गेले.

बंधाऱ्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले ते मुंबईला नोकरी करून परत आलेले एक गृहस्थ. बहिणीच्या घरापासून चौथं घर त्यांचं. बोलणं अतिशय छान. त्यांनी सांगितलं की शेजारच्या वाडीत बंधारा झाला आणि पुढचे दोन पावसाळे समुद्र तिथे वर आला नाही. विरोध करणाऱ्यांची घरं खाडीच्या बाजूला आहेत, त्यांना काय फरक पडतो, असंही म्हणाले. आणि शेवटी, एक तर बंधारा घाला, नाहीतर गाव सोडायची तयारी करा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र माझा धडाच कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटत होतं.

मी उठले आणि एकच प्रश्न विचारला. त्या दोन पावसाळ्यांत आपल्या बाजूला, जिथे बंधारा नव्हता, तिथे समुद्र वर आला होता का? देवळाच्या सभामंडपात कुजबुज झाली. मागे बसलेले एक वयस्कर मच्छीमार म्हणाले, नाही, त्या दोन्ही वर्षी वाळू आपल्याकडेही भरपूर पडून पुळण रुंद झाली होती. मग मी कावळ्याची आणि फांदीची गोष्ट सांगितली. लोक हसले. ते गृहस्थ खाली बसले. त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत, आणि पुढे तो विषयच मागे पडला.

जेवायला बहिणीने सुरमई केली होती. भावजी येईल त्याला माझा प्रश्न पुन्हा सांगत होते. बहीण मात्र फारशी बोलली नाही. तिला बंधारा हवा होता का, हे मी विचारलं नाही. आणखी एक गोष्ट मी केली नाही. कारण फुसकं निघालं म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून द्यायची. सभामंडपात ते सांगायचं राहून गेलं. राहून गेलं की मी सांगितलं नाही, हे आज नक्की सांगता येत नाही. लोक माझ्यावर खूश होते, एवढं आठवतं.

पुढच्या आषाढात मोठं उधाण आलं. सुरूची सात झाडं मुळासकट आडवी झाली आणि समुद्राचं पाणी विहिरीत शिरलं. मी पोचले तेव्हा बहीण विहिरीच्या कठड्याशी उभी होती. पोहऱ्यातलं पाणी तिने मला चाखायला लावलं.

"तू बोललंस म्हणान बंधारो झालो नाय," ती म्हणाली, "आणि बंधारो झालो नाय म्हणान बावीचा पाणी खारा झाला."

हे कावळ्याचंच होतं. मला ते लगेच दिसलं. पण खाऱ्या पाण्याची चव तोंडात असताना मी तिला काय शिकवणार होते? भावजी पडवीतून म्हणाले, "बंधारो असतो तरी दर्यो आयलोच असतो." त्यालाही काही आधार नव्हता, पण ते वाक्य मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वाडीतला बंधारा बघायला गेले. अर्ध्या भागातले दगड खचले होते आणि टोकाकडून पाणी वळसा घालून आत गेलं होतं. पण मधली चार-पाच घरं कोरडी होती. बंधाऱ्यामुळे, की तिथली जमीनच उंच म्हणून? मी बराच वेळ दगडांवरून फिरले. तिथेच एक बाई म्हणाली बंधाऱ्याने वाचवलं, तिचा दीर म्हणाला बंधाऱ्याने घात केला. दोघं त्याच दगडांकडे हात करत होते.

परतताना ते मुंबईहून आलेले गृहस्थ भेटले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला आपल्या घरामागे नेलं. पुळणीच्या कडेला बांबूच्या तीन खुंट्या होत्या. पावसाळा संपला की जमीन जिथे संपते तिथे ते दर वर्षी एक खुंटी ठोकत. सगळ्या मिळून आठ ठोकल्या होत्या, पाच समुद्राने नेल्या.

मी चक्रावून विचारलं, "हे तुम्ही बैठकीत का सांगितलं नाहीत?"

"खुंट्यांवर टाळ्या पडत नाहीत, बाई," ते म्हणाले. "मला वाटलं, जोरात बोललं तरच लोक ऐकतील."

म्हणजे चांगलं कारण त्यांच्याकडे होतं आणि त्यांनी ते घरी ठेवलं. तुमच्याकडे आणखी काय आहे, हे मीही विचारलं नव्हतं. घरी येईपर्यंत माझ्या मनात पुन्हा शंका आली. खुंट्या सांगतात की समुद्र आत येतोय. बंधारा त्याला थांबवेल, हे त्या कुठे सांगतात?

त्याच वर्षी दिवाळीनंतर पुन्हा बैठक झाली. या वेळी होड्यांसाठी मध्ये वाट सोडायची असं ठरत होतं. मी मुद्दाम गेले आणि उभी राहून सांगितलं की मागच्या वेळी मी फक्त कारणातली चूक दाखवली होती, बंधारा वाईट असं मला म्हणायचं नव्हतं. कुणीतरी विचारलं, मग बंधारा हवा की नको? मला माहीत नाही, असं मी म्हणाले. कुणी हसलं नाही. पुढचा माणूस बोलायला उठला.

सह्यांचा कागद फिरत बहिणीपाशी आला. तिने चष्मा लावला आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या सांगण्यावरसून नाय करूक. माका भिती वाटता म्हणान केलंय."

आता बंधारा झाला आहे, मध्ये होड्यांना वाट ठेवून. गेला पावसाळा नरम होता आणि समुद्र दगडांपर्यंत जेमतेम आला. वाडीतले लोक म्हणतात, बघा, बंधाऱ्याने वाचवलं. माझ्याकडे बघून म्हणतात. मी मान हलवते, आणि ती होकारार्थी आहे की नकारार्थी, हे त्यांनाही कळत नसावं.