दार लावणाऱ्याचं पदक

फिटरच्या घरात आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं. लग्न झालं त्याच वर्षी त्यानं सगळी दारं बिजागऱ्यांसकट काढून टाकली. बायकोनं पडदे शिवले आणि जन्मभर कुरकुर केली. "पाहुणे आले की साडी बदलायची चोरी," असं ती चारचौघांत सांगायची आणि फिटर गालातल्या गालात हसायचा. नौदलातून आलेला माणूस, जरा चक्रमच असणार, असं म्हणून शेजाऱ्यांनी विषय संपवला होता.

चक्रम वगैरे काही नव्हता तो. तरुणपणी, लढाईत, त्याच्या जहाजाला खालच्या बाजूला भगदाड पडलं. अशा वेळी मधलं लोखंडी दार लावून पाणी अडवायचं आणि आत कोण राहिलंय ते पाहायचं नाही, असा नियम. त्यानं दार लावलं, दारावरचं चाक घट्ट फिरवलं. आत तिघं होते. ते बराच वेळ दार ठोकत राहिले. जहाज वाचलं आणि फिटरला शौर्याचं पदक मिळालं. ठोकण्याबद्दल मात्र तो कुणाकडे चकार शब्द बोलला नाही, बायकोकडेही नाही.

मुलगा ते पदक बघतच वाढला. तो नौदलात निघाला तेव्हा नको म्हणायला बापाला तोंड कुठं होतं? पुढच्या लढाईत मुलाचं जहाज फुटलं. तो खाली पंपाशी शेवटपर्यंत थांबला, आणि वरच्यानं दार लावलं. घरी त्याचं पदक आलं. बायकोनं ते बापाच्या पदकाशेजारी ठेवलं आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

ज्यानं ते दार लावलं, तो खलाशी एका दुपारी स्वतःहून भेटायला आला. वीस-बावीस वर्षांचा पोर, खुर्चीच्या कडेवर बसलेला. बायकोनं पाणी दिलं आणि इतके दिवस जीव पोखरणारा प्रश्न सरळ विचारला, "त्याचे फार हाल झाले का रे?"

"नाही काकू. लगेच संपलं. आतून आवाजसुद्धा आला नाही."

अगदी हेच फिटर त्या तिघांच्या घरी जाऊन सांगून आला होता. तरी या वेळी ते खरं असावं असं त्याला मनापासून वाटलं. कधीतरी, कुणाच्या तरी बाबतीत, खरं असेलही.

बायको त्याच्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक असेल. असंच होतं ना?"

"हो," फिटर म्हणाला. "असंच होतं."

ती पदराआड रडली, पण चेहरा सैल पडला होता. मग उठून स्वयंपाकघरात गेली. फिटर पोराला पोचवायला बाहेरच्या पायरीपर्यंत आला. पोर चपला घालता घालता थांबला. फिटरच्या पदकाची गोष्ट त्यानंही नौदलात ऐकली होती.

"काका, तुम्हाला अजून ऐकू येतं का ते?"

फिटरला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, पोटाशीही धरावंसं वाटलं. दोन्हींतलं एकही जमलं नाही.

"किती वेळ ठोकत होता?" त्यानं विचारलं.

पोरानं खाली मान घालून सांगितलं. फिटर कठड्याला धरून उभा राहिला. आतून बायकोची हाक आली, "अहो, त्याला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नका."