दादाच्या गिटारचा टोन

सोल्डरिंगचा राळेसारखा कडवट धूर महिनाभर आमच्या बदलापूरच्या घरात घुटमळत होता. थोरला भाऊ, सुहासदादा, दर रविवारी आपली इलेक्ट्रिक गिटार पालथी घालून बसे. "आवाज बसलाय हिचा," एवढेच म्हणे. अंबरनाथच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपाशी वीस वर्षे उभा राहिलेला हा माणूस, गिटारच्या पोटातल्या बारीक वायरी किती हळुवारपणे उचली!

मी शेजारी बॅटरीचा उजेड धरून बसायची, म्हणून मलाही ते अंतरंग उमगू लागले. तारेचा कंप पिकअपमधले चुंबक आणि तांब्याचे वेटोळे टिपतात, त्याची क्षीण वीज होते, आणि ती व्हॉल्यूम व टोनच्या बटणांतून बाहेर पडते. टोनला जोडलेला इवलासा कपॅसिटर स्वरातली धार तेवढी वेगळी काढून अर्थिंगमध्ये सोडून देतो. उरतो तो मवाळ नाद. काही गमावल्यावाचून माधुर्य येतच नसेल का?

धार कमी गळावी म्हणून दादाने आधी कमी क्षमतेचा कपॅसिटर लावला, मग तो कापूनच टाकला. आवाज सुईसारखा टोचू लागला. "दादा, पुरे! कान किटले," मी ओरडले. तो गोंधळून म्हणाला, "तुला हा मंद नाही वाटत?"

शेवटी आम्ही उल्हासनगरच्या एका वृद्ध सिंधी कारागिराकडे गेलो. त्याने गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडून तार छेडली आणि स्वतःच दचकला. "ताई, गिटार एकदम ओके है. उलट आवाज फार तीखा झालाय."

"छे, दबलेलाच आहे," दादा म्हणाला.

कारागिराने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "साहेब, काम कुठे करता?" उत्तर ऐकून तो हलकेच म्हणाला, "एकदा कान दाखवून घ्या."

डॉक्टरांनी तपासून सांगितले, यंत्राच्या गोंगाटाने दोन्ही कानांतले उंच स्वर गेलेत. ते परतणार नाहीत. दादा तपासणीच्या कागदाची घडी घालत राहिला. अन् मला आठवत राहिले, 'लक्ष कुठे असतं तुझं?' म्हणून त्याला मी किती वेळा हिणवले होते!

पुढच्या रविवारी त्याने नवा कपॅसिटर जोडला. टोनचे बटण फिरवत म्हणाला, "कुठे थांबू, ते तू सांग." मी सांगितले तिथे तो थांबला. त्याला तो स्वर भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटत असणार. तरी कितीतरी वेळ तो वाजवत राहिला.

"बरं वाटतंय?" त्याने विचारले.

"हो," मी पुटपुटले.

त्याने मान वर करून माझ्या ओठांकडे पाहिले. मग मी मोठ्याने, सावकाश, पुन्हा "हो" म्हणाले.